गुणायचं का भागायचं? काळ, काम, वेगाच्या गणितांचा एक आढावा

मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर. शकुंतला नावाची आगगाडी हे अंतर चार तासांच्या आसपास कापायची, म्हणजे सरासरी तासाला १९ किलोमीटर. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते आणि ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत पोचणाऱ्याला २० पैकी २० गुण मिळतात. हिशोब केला तर हा वेग तासाला साडेअठरा किलोमीटरच्या थोडा वर जातो. म्हणजे अंजनगाव सुर्जीत पहाटे सराव करणारा चांगल्या तयारीचा मुलगा जवळपास शकुंतलेच्या वेगाने धावत असतो. फरक एवढाच की शकुंतला थांबत थांबत चार तास चालायची आणि याचा दम पाच मिनिटांत निघतो.

हाच मुलगा आंघोळ करून अभ्यासिकेत येतो, प्रश्नसंच उघडतो आणि ‘एक आगगाडी ताशी ५४ किमी वेगाने’ या शब्दांपाशी अडतो. मग तो जे विचारतो, तेच शिष्यवृत्तीला बसलेला पाचवीचा पोरगाही विचारतो: “सर, याच्यात गुणायचं का भागायचं?”

माझ्या मते या प्रकरणाचे सगळे दुखणे या एका वाक्यात आहे. विचारणाऱ्याला गुणाकार येतो, भागाकारही बहुधा येतो. सूत्र तर सगळ्यांनाच पाठ असते. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. ते विसरू नये म्हणून शिकवणीत एक त्रिकोण काढून देतात: वर अंतर, खाली वेग आणि वेळ, जे हवे ते बोटाने झाका आणि उरलेले वाचा. एकाच गाडीचे, एकाच सरळ प्रवासाचे गणित असेल तर हा त्रिकोण चालतो. पण परीक्षेत असा प्रश्न क्वचितच येतो. तिथे दोन गाड्या असतात, किंवा एकच माणूस दोन वेगांनी जातो, किंवा कुणीतरी अर्धा तास उशिरा निघतो. अशा वेळी कोणता आकडा झाकायचा हे त्रिकोण सांगत नाही. तिथे आधी एवढेच शोधायचे असते की या दोन प्रवासांत सारखे काय आहे. अंतर सारखे, वेळ सारखी की वेग सारखा? ते सापडले की गुणायचे का भागायचे हे विचारावे लागत नाही.

ही काही नवी युक्ती नव्हे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ‘आर्यभटीया’च्या गणितपादात दोन ग्रहांच्या भेटीचा नियम दिला आहे. समोरासमोरून येत असतील तर मधल्या अंतराला वेगांच्या बेरजेने भागा, एकाच दिशेने जात असतील तर वजाबाकीने. आजच्या गाइडात ‘विरुद्ध दिशा : बेरीज, समान दिशा : वजाबाकी’ असे चौकटीत छापलेले असते तो हाच नियम, दीड हजार वर्षे जुना. त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: दोघांनी चालण्यात घालवलेली वेळ सारखी आहे. चौकटीत नेमके हेच छापत नाहीत.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) मोर आणि सापाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ. साप बिळापासून सत्तावीस हात लांब असताना मोराला दिसतो आणि मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती हातांवर दोघे भेटतील? यात वेगाचा आकडाच दिलेला नाही आणि त्याची गरजही नाही. वेग सारखा आणि वेळ सारखी, म्हणून दोघांनी कापलेले अंतरही सारखे. मग साप जेवढे सरपटला तेवढीच मोराची तिरपी झेप, आणि काटकोन त्रिकोणाचा नियम लावला की उत्तर येते बारा हात. साप पंधरा हात आला, मोर पंधरा हात उडाला; ९, १२, १५ चा त्रिकोण बरोबर बसतो. आजच्या एखाद्या उमेदवारापुढे हे ठेवले तर तो पहिल्यांदा म्हणेल, “सर, यात स्पीडच नाही दिला, प्रश्न चुकला.” शिकवणीने त्याला आकडे शोधायला शिकवले, सारखेपणा शोधायला नाही.

भास्कराचार्यांना आपण महाराष्ट्राचे मानतो ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून नातू चांगदेव याने मठ काढल्याची, १२०७ च्या सुमाराची नोंद तिथे कोरलेली आहे. सूत्र पाठ करून घेण्याची परंपरा आपल्याकडे होतीच. ‘लीलावती’ स्वतःच श्लोकबद्ध आहे. पण तिथे नियम एका श्लोकात आणि त्यानंतर लगेच उदाहरण, असा क्रम होता. त्रैराशिकही असेच शिकवले जाई. वेगाची निम्म्याहून अधिक गणिते त्रैराशिकाचीच असतात, सम किंवा व्यस्त. आपल्या आजोबांच्या पिढीला काळ, काम, वेग हे वेगळे प्रकरण वाटायचेच नाही, ते त्रैराशिकाचेच पोट-प्रकरण होते. मजूर दुप्पट तर दिवस निम्मे. वेग दुप्पट तर वेळ निम्मी.

आगगाडी गणितात आली ती अर्थातच रुळांवर आल्यानंतर. १८५३ साली मुंबई ते ठाणे, १८६७ पर्यंत नागपूर. वऱ्हाडातल्या कापसासाठी पुढे अरुंद मार्गाचे फाटे निघाले: यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६. त्या दुसऱ्या फाट्यावर दर्यापूरचे बनोसा, आमचे अंजनगाव आणि पथ्रोट ही स्थानके. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते, मग डिझेल आले, आणि आता गाडीच बंद आहे. रुळांच्या जागी बाभळी आहेत. पण प्रश्नसंचांतल्या आगगाड्या मात्र जोरात धावतात. त्यांची लांबी नेहमी १५० मीटर असते आणि फलाट नेहमी ३०० मीटरचा.

त्या फलाटाच्या गणिताचा अडथळा पाहण्यासारखा आहे. गाडी १५० मीटर, वेग ताशी ५४ किमी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. खांब ओलांडायला किती वेळ? दहा सेकंद, हे बहुतेकांना जमते. ३०० मीटरचा फलाट ओलांडायला किती? निम्मा वर्ग सांगतो, वीस सेकंद. ३०० ला १५ ने भागले, झाले. पण गाडी फलाटावर शिरली तेव्हा इंजिनाचे तोंड फलाटाच्या या टोकाला होते आणि ‘ओलांडली’ म्हणायचे तेव्हा गार्डाचा डबा त्या टोकाबाहेर पडलेला हवा. तोवर इंजिन ४५० मीटर पुढे गेलेले असते. तीस सेकंद. ज्याने फलाटावर उभे राहून शेवटचा डबा निघून जाताना पाहिला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. आज अंजनगावच्या मुलाला गाडी पाहायची तर अकोट नाहीतर मूर्तिजापूर गाठावे लागते. तेव्हा हे गणित वर्गात बाकाच्या कडेवरून पट्टी सरकवून दाखवणे, हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. पट्टी पूर्ण बाक ओलांडून गेली की पट्टीचे पुढचे टोक कुठे आहे ते मोजायला लावायचे. दोन मिनिटांचे काम आहे, पण शिकवणीत तेवढी दोन मिनिटे कुणाकडे नसतात.

वेळेची ही टंचाई खरी आहे, तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटे. म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीला गेली होती, तिथेही एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे. प्रश्न वाचण्यातच पंधरा-वीस सेकंद जातात. अशा परीक्षेसाठी शॉर्टकट हवेतच. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायला ५/१८ ने गुणा, हा शॉर्टकट मी स्वतः कुणालाही देईन. फक्त एकदा तरी तो कुठून आला हे दाखवून: १००० मीटर भागिले ३६०० सेकंद, काटाकाटी करून ५/१८. ज्याने हे एकदा केले तो परीक्षेच्या घाईत ५/१८ लावायचे की १८/५ यात अडखळत नाही, कारण मीटर-सेकंदांतला आकडा लहान येणार हे त्याला माहीत असते.

धोका दुसऱ्या प्रकारच्या शॉर्टकटांत आहे. सरासरी वेगाचे उदाहरण घ्या. जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४०, तर सरासरी वेग किती? शाळकरी उत्तर ५०. शिकवणीतले उत्तर ४८, कारण तिथे सूत्र मिळते: दोन वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज. ४८ बरोबर आहे. अंतर १२० किमी धरा. जायला दोन तास, यायला तीन तास, २४० किमीला पाच तास. हळू वेगाने माणूस जास्त वेळ रस्त्यावर राहतो, म्हणून सरासरी हळू वेगाकडे झुकते. आता प्रश्न काढणारा एक शब्द बदलतो: अर्धा वेळ ताशी ६० ने आणि अर्धा वेळ ताशी ४० ने. इथे उत्तर ५० आहे. वेळ सारखी आहे, अंतर नाही. सूत्र पाठ केलेला उमेदवार दिमाखात ४८ लिहून येतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना हे चांगले माहीत असते आणि चार पर्यायांत ४८ हमखास असतो.

याच जातीचा एक प्रश्न मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहाइमर यांनी १९३४ साली आइन्स्टाइनला पत्रातून घातला होता. एक मैल चढ गाडी ताशी १५ मैल वेगाने चढली. पुढचा एक मैल उतार किती वेगाने उतरावा म्हणजे पूर्ण प्रवासाची सरासरी ताशी ३० मैल होईल? आपण तो चिखलदऱ्यावर बसवू. परतवाड्याहून चिखलदरा ३० किमी धरा. घाट चढताना गाडी ताशी ३० ने गेली. उतरताना कितीने यावे म्हणजे जाऊन-येऊन सरासरी ताशी ६० पडेल? “९०” असे उत्तर चटकन येते. पण ६० किमी ताशी ६० च्या सरासरीने करायचे तर एकूण एक तास मिळतो आणि तो तास चढण्यातच संपला. उतरायला वेळ शून्य. कोणत्याही वेगाने हे होणार नाही. आइन्स्टाइनने उत्तरात कबूल केले की हिशोब मांडेपर्यंत ही खोच त्याच्या लक्षात आली नव्हती. पोरांना हे सांगावे. त्यांना धीर येतो.

समृद्धी महामार्गाची जाहिरात याच नजरेने वाचता येते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, कमाल वेगमर्यादा ताशी १२०, आणि दावा आठ तासांचा. १२० ने सलग गेले तर पावणेसहा तासांहून थोडे अधिक लागतील. आठ तास म्हणजे सरासरी ताशी ८७ ते ८८. मधला फरक चहा, टोल, डिझेल आणि ब्रेक यांचा. कमाल वेग आणि सरासरी वेग यांतला फरक कळण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात मला सापडलेले नाही. थांब्यांचे गणितही एसटीवर सोपे होते. थांबे वगळून वेग ५४, थांबे धरून ४५, तर बस तासाला किती मिनिटे थांबते? तासाभरात प्रत्यक्ष गेली ४५ किमी. तेवढ्याला चालत्या वेगाने ५० मिनिटे पुरतात. उरलेली दहा मिनिटे फाट्याफाट्यावर गेली. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ अनुभवलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता एकच गणित जरा सावकाश सोडवू, कारण मला जे म्हणायचे आहे ते त्यात पूर्ण दिसते. ‘एक मुलगा ताशी ४ किमी वेगाने चालत गेला तर शाळेत १० मिनिटे उशिरा पोचतो, ताशी ५ किमी वेगाने गेला तर ५ मिनिटे लवकर पोचतो. शाळा घरापासून किती दूर?’ सर्वाधिक मुले इथे १० मधून ५ वजा करतात, कारण प्रश्नात दोन आकडे दिसले. मी विचारतो, “बाबू, दहाला शाळा असती तर पहिल्या दिवशी तू कव्हा पोचला?” “दहा वाजून दहा.” “अन् दुसऱ्या दिवशी?” “नऊ पंचावन्न.” “मग किती वाचले?” “पंधरा.” इथवर आला की अर्धे गणित झाले. आता ४ च्या वेगाने एक किलोमीटरला १५ मिनिटे लागतात, ५ च्या वेगाने १२. म्हणजे दर किलोमीटरमागे तीन मिनिटे वाचतात. पंधरा वाचायला किती किलोमीटर लागतील? पाच. संपले. क्ष धरला नाही, सूत्र वापरले नाही, लसावि काढला नाही. दोन्ही दिवशी अंतर तेच आहे, एवढीच गोष्ट धरून ठेवली.

दहावीच्या बीजगणितात हेच समीकरण मांडून करायचे असते, आणि ते यायलाच हवे. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे अशी दोन प्रकरणे सुरुवातीलाच आहेत, दोन्हींत शाब्दिक उदाहरणे येतात. पण ज्याला तोंडी ‘दर किलोमीटरला तीन मिनिटे’ दिसत नाहीत, त्याने मांडलेले समीकरण बहुतेकदा उलटे असते आणि उत्तर उणे पाच किलोमीटर आले तरी तो ते तसेच लिहून मोकळा होतो.

दुसरी हमखास चूक सुरुवातीची. अकोट आणि परतवाडा यांच्या साधारण मधोमध अंजनगाव आहे. एकूण अंतर सोयीसाठी ६० किमी धरू. अकोटहून एक बस ९ वाजता निघाली, परतवाड्याहून दुसरी साडेनऊला. दोघींचा वेग ताशी ४०. केव्हा आणि कुठे भेटतील? “६० भागिले ८०, पाऊण तास, पावणेदहा!” आर्यभटाचा नियम लावला खरा, पण दोघींची वेळ सारखी नसताना. पहिली बस साडेनऊपर्यंत २० किमी येऊन गेली. साडेनऊला मधले अंतर ४० उरले, ते ८० च्या वेगाने अर्ध्या तासात मिटते. दहा वाजता भेट, अकोटपासून ४० किमीवर, म्हणजे अंजनगाव ओलांडून पथ्रोटच्या बाजूला. कागदावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर ‘साडेनऊ वाजता कोण कुठे’ एवढे लिहिले की चूक होऊच शकत नाही.

मोजणी शून्यापासून सुरू झाली नाही की गोंधळ होतो, हे फक्त आपल्याकडचे निरीक्षण नव्हे. ‘प्रथम’ संस्थेच्या असर २०२३ या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांना पट्टीवरची वस्तू मोजायला दिली. वस्तू शून्यावर ठेवली तेव्हा ८५ टक्क्यांच्या आसपास मुलांना मोजता आली. ती शून्यावरून हलवली तर हा आकडा ४० टक्क्यांच्या खाली आला. तीच मुले भागाकारातही अडतात. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले. ‘९ वाजून ४० मिनिटांनी निघाली, १२ वाजून १५ मिनिटांनी पोचली’ हे वाक्य म्हणजे शून्यावरून हलवलेली पट्टीच आहे. आमच्या गावाचे नाव ज्यामुळे इतिहासात आहे ती सुर्जी अंजनगावच्या तहाची घटना यासाठी मी वापरतो. अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३, गाविलगड पडला १५ डिसेंबरला, आणि दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला ३० डिसेंबरला. लढाईनंतर तह किती दिवसांनी? एकतीस. लढाईचा दिवस धरून तहापर्यंत किती दिवस? बत्तीस. वर्गात यावर भांडण होते आणि ते होऊ द्यावे.

वेग ही कल्पना मुलांच्या डोक्यात कशी घडते यावरचे सर्वात गाजलेले काम स्वित्झर्लंडच्या झाँ पियाजे यांचे. १९२८ साली दाव्होसला आइन्स्टाइनने त्यांना विचारले की मुलांना आधी काय कळते, वेळ की वेग? त्या प्रश्नावर वर्षानुवर्षे प्रयोग करून पियाजे यांनी १९४६ मध्ये पुस्तक काढले. लहान मूल ‘जोरात’ कुणाला म्हणते? जो पुढे जाऊन थांबला त्याला. एक गाडी मागून सुटून दुसरीला गाठते आणि दोन्ही एकाच रेषेवर थांबतात, तेव्हा लहान मुले म्हणतात, दोघी सारख्याच पळाल्या. आतल्या आणि बाहेरच्या गोल मार्गावर दोन बाहुल्या बरोबर फिरवल्या तरी उत्तर तेच. म्हणजे मुलाची नजर पोचण्याच्या जागेवर असते, कापलेल्या अंतरावर नाही. भरतीचा सराव करणाऱ्यांना चारशे मीटरच्या मैदानावर बाहेरच्या मार्गिकेतला गडी पुढून का सोडतात हे पायांनी माहीत असते. मग मैदानावरचे हे ज्ञान अभ्यासिकेत का आणू नये? ५ मिनिटे १० सेकंदांत १६०० मीटर, तर एका फेरीला सरासरी किती? साडेसत्त्याहत्तर सेकंद. पहिली फेरी सत्तरने मारली तर उरलेल्या तीन फेऱ्यांना सरासरी किती पुरतील? ऐंशी. हे गणित भरतीच्या मुलाला कुणी शिकवण्याची गरज नाही, तो घड्याळ हातात घेऊन रोज करतो. मुलींचे ८०० मीटर घ्या, शंभर मीटर घ्या, एकही काल्पनिक आगगाडी न लागता पूर्ण प्रकरण शिकवून होते.

नाव आणि प्रवाहाची गणिते मला नेहमीच कृत्रिम वाटत आली आहेत. शहानूरला उन्हाळ्यात पाणी नसते आणि पुरात कुणी नाव घालत नाही. प्रवाहाच्या दिशेने ताशी १२, विरुद्ध ८, तर नावेचा वेग १० आणि प्रवाहाचा २, हे आकड्यांचे बेरीज-वजाबाकीचे कोडे आहे, ते तेवढेच समजून सोडवावे. काही शिक्षक नावेऐवजी वाऱ्यावरची सायकल घेतात. ते मात्र करू नये. वाऱ्याचा वेग सायकलच्या वेगात सरळ मिळवता येत नाही, आणि उलट्या वाऱ्यात सायकल हाणलेल्या पोराला ते चांगलेच ठाऊक असते. सरकत्या जिन्याचे उदाहरण बरोबर आहे, पण जिना अमरावतीला. चोर-पोलिसाची गणिते त्यापेक्षा बरी. चोर दोनशे मीटर पुढे, तो ताशी ८ ने आणि पोलीस ताशी १० ने पळतो. दर तासाला पोलीस दोन किलोमीटर कमी करतो, म्हणून दोनशे मीटर सहा मिनिटांत. आर्यभटाची वजाबाकी. भरतीच्या पेपरात हा चोर दरवेळी पकडला जातो, हेही उमेदवारांच्या मनोधैर्याला पोषकच.

‘काम’ या तिसऱ्या शब्दाबद्दल थोडे. अ, ब आणि क यांनी आजवर किती भिंती बांधल्या आणि किती हौद भरले याची गणती नाही, पण काम म्हणजेही अंतरच आणि काम करण्याची गती म्हणजेही वेगच, हे मुलांना क्वचितच जोडून दाखवले जाते. त्यासाठी आपल्या पंचक्रोशीत जगातले उत्तम उदाहरण पडून आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. भागून पाहा: तासाला साधारण ७१० मीटर, मिनिटाला पावणेबारा मीटर. इथे अंतर आणि काम एकच झाले. मग विचारावे, ताशी साडेचार किलोमीटरने चालणारा माणूस या थराच्या टोकापाशी उभा राहून त्याच दिशेने चालू लागला, तर अर्ध्या तासात तो यंत्रापासून किती पुढे गेला असेल? किंवा दोन बाजूंनी दोन पथके लावली असती तर? अ आणि ब यांच्या भिंतीपेक्षा यात मुलांचे मन जास्त लागते, कारण त्या रस्त्याने ती कधीतरी अकोल्याला गेलेली असतात.

शॉर्टकट कोणता ठेवावा आणि कोणता टाकावा, यावर माझी कसोटी साधी आहे. वेग पाऊणपट केला आणि २० मिनिटे उशीर झाला, तर नेहमीची वेळ किती? वेग ३/४, म्हणून वेळ ४/३. वाढलेला तिसरा हिस्सा म्हणजे २० मिनिटे, म्हणून नेहमीची वेळ ६०. ही रीत पंधरा सेकंदांची आहे आणि तरी ती शॉर्टकट नाही, कारण तिच्यात अंतर सारखे आहे हे स्पष्ट दिसते. उलट ‘गुणाकार भागिले फरक’ अशी जी सूत्रे अभ्यासिकांच्या भिंतींवर चिकटवलेली असतात, ती कोणत्या अटीवर चालतात हे शेजारी लिहिलेले नसेल तर ती फाडून टाकलेली बरी.

शिष्यवृत्तीचे वर्ग घेणाऱ्या आणि भरतीच्या अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळींना एवढेच सुचवायचे आहे. पहिले आठ दिवस त्रिकोण काढू नका. प्रत्येक गणिताखाली मुलांना एकच ओळ लिहायला लावा: ‘दोन्हींत सारखे काय?’ ती ओळ लिहिल्याशिवाय आकडेमोड तपासू नका. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी, राज्याच्या परीक्षा परिषदेपासून तालुक्याच्या सराव परीक्षेपर्यंत, एकदा एसटीच्या थांब्यावरचे वेळापत्रक समोर ठेवून प्रश्न काढून पाहावेत. अंजनगावच्या बसस्थानकातून अकोट, दर्यापूर, परतवाडा आणि अमरावतीकडे गाड्या सुटतात. वर्षभर पुरतील एवढी गणिते त्या एका फलकावर आहेत.